गोड्या पाण्यातले सूक्ष्मजीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नितळ पाण्यातही सूक्ष्मजीव असतात का? किती?

भरपूर असतात. साधारण सरोवराच्या एका मिलिलिटर पाण्यात दहा लाखांच्या आसपास जिवाणू सापडतात. अगदी निर्मळ, थंड तलावात हा आकडा लाखावर उतरतो, तर सांडपाणी मिळणाऱ्या तळ्यात कोटीवर जातो. विषाणू बहुतेक ठिकाणी जिवाणूंच्या दसपट असतात, पण ते मुख्यतः जिवाणूंनाच लागण करतात. तळाच्या गाळात एका घनसेंटिमीटरमागे पेशींची संख्या अब्जाच्या घरात असते. एवढं असूनही पाणी नितळ दिसतं, कारण तरंगणाऱ्या जिवाणूची पेशी बऱ्याचदा एका मायक्रॉनहूनही लहान असते.

प्रयोगशाळेत आगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) थाळीवर वाढवून मोजणी केली, तर यातले एक टक्काही उगवत नाहीत. म्हणून ‘एकूण जिवाणू’ हा थाळीवरचा आकडा आणि सूक्ष्मदर्शकाखालचा आकडा यांत शंभरपट तफावत पडते. खरी संख्या हवी असेल तर नमुना २ टक्के फॉर्मल्डिहाइडने स्थिर करा, डॅपी या चमकणाऱ्या रंगाने रंगवा, ०.२ मायक्रॉनच्या काळ्या गाळणकागदावर ओढा आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली मोजा.

अन्नसाखळी शैवालापासून सुरू होते ना? मग जिवाणू मध्येच कुठून आले?

शैवाल, प्राणीप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी), मासा ही पाठ्यपुस्तकातली साखळी अर्धीच आहे. शैवालाने बनवलेल्या अन्नातला काही भाग जिवंतपणीच पाण्यात पाझरतो, मेलेल्या पेशी फुटून आणखी भर पडते, आणि काठावरच्या पाचोळ्याचा तपकिरी अर्क पावसाबरोबर वाहत येतो. पाण्यात विरघळलेला हा कार्बन मासा किंवा डॅफ्निया (पाणपिसू, एक प्राणीप्लवक) खाऊ शकत नाही. तो जिवाणू शोषून घेतात, जिवाणूंना फ्लॅजेलेट (शेपटीने पोहणारे एकपेशीय जीव) गिळतात, फ्लॅजेलेटना सिलिएट (केसाळ, त्यांहून मोठे एकपेशीय जीव), आणि तिथून तो प्राणीप्लवकापर्यंत पोचतो. १९८३ साली फारुख आझम आणि सहकाऱ्यांनी समुद्राच्या संदर्भात या वाटेला ‘मायक्रोबियल लूप’ म्हटलं. गोड्या पाण्यात डॅफ्निया भरपूर असेल तर तो जिवाणू थेट गाळून खातो आणि मधल्या पायऱ्या गळतात.

या वाटेवर गळती मोठी आहे. घेतलेल्या कार्बनपैकी बहुतांश भाग जिवाणू श्वसनात खर्च करतात. सरोवरांत साधारण १० ते ३० टक्केच शरीरात उरतो. जगातली बहुतेक सरोवरं कार्बन डायऑक्साइड हवेतून घेण्याऐवजी हवेत सोडतात, त्यामागचं एक मोठं कारण हे. विषाणू जिवाणूंना फोडतात तेव्हा तोच माल पुन्हा पाण्यात विरघळतो आणि फेरा सुरू राहतो.

एक दुर्लक्षित पात्र म्हणजे काइट्रिड बुरशी. काही डायटम (काचेसारख्या कवचाचं शैवाल) इतके मोठे असतात की प्राणीप्लवकाला ते गिळता येत नाहीत. काइट्रिड त्यांच्यावर परजीवी म्हणून वाढते आणि काही मायक्रॉनचे पोहणारे बीजाणू सोडते. हे बीजाणू मात्र डॅफ्नियाच्या तोंडात सहज मावतात.

ओढ्यात पडलेलं पान कुजतं कसं, आणि ते मोजायचं कसं?

पहिल्या एक-दोन दिवसांत साखर, टॅनिन आणि क्षार विरघळून निघून जातात. मऊ पानांचं वजन एवढ्यातच १० ते २५ टक्क्यांनी घटू शकतं. मग पानावर पाणबुरशी चढते. सी. टी. इंगोल्ड यांनी १९४२ साली तिचं सविस्तर वर्णन केलं. तिचे बीजाणू बघण्यासारखे असतात: कुणी चार हातांचे, कुणी वळणदार धाग्यासारखे. वाहत्या पाण्यात पानाला अडकून राहायला हा आकार कामी येतो. धबधब्याखालचा फेस चमच्याने काढून एक थेंब काचपट्टीवर ठेवला की १०० ते ४०० पट मोठेपणावर ते दिसतात. फेस ताजा असतानाच बघा, काही तासांत बीजाणू रुजायला लागतात.

बुरशी पान मऊ करते आणि स्वतःच्या शरीरातून त्यात प्रथिनं भरते. पाचोळा कुरतडणाऱ्या अळ्या असं मुरलेलं पान आधी निवडतात, ताज्या पानाकडे फारशा फिरकत नाहीत.

मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे पानांच्या जाळीपिशव्या. एकाच जातीची, आपोआप गळलेली पानं हवेत वाळवून प्रत्येक पिशवीत ५ ग्रॅम भरा. निम्म्या पिशव्या ०.५ मिलिमीटर जाळीच्या, निम्म्या ५ ते १० मिलिमीटरच्या. बारीक जाळीत अळ्या शिरत नाहीत, म्हणजे तिथली घट जवळजवळ सगळी सूक्ष्मजीवांची. दोन्हींतला फरक अळ्यांचा. २, ७, १४, २८ आणि ५६ व्या दिवशी दोन्ही प्रकारच्या किमान चार-चार पिशव्या काढा, गाळ हलक्या हाताने धुवा, ६० अंशांवर ४८ तास वाळवून वजन करा. मग त्यातला थोडा चुरा ५०० ते ५५० अंशांवर चार तास जाळून राख वजा करा. ही शेवटची पायरी बरेच जण टाळतात आणि पानावर बसलेली माती पानाचंच वजन समजतात. उरलेल्या वजनाचा नैसर्गिक लॉगॅरिदम दिवसांसमोर मांडला की रेषेचा उतार म्हणजे कुजण्याचा वेग.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. पिशवी गाळात रुतली की ऑक्सिजन तुटतो आणि वेग एकदम पडतो. आणि ने-आणीत पानांचा चुरा गळतो; तो वजा करण्यासाठी चार पिशव्या ओढ्यापर्यंत नेऊन, पाण्यात बुडवून लगेच परत आणाव्या लागतात.

पाण्यातला अमोनिया कुठे जातो?

दोन टप्प्यांत नायट्रेट होतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू आणि काही आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर नायट्राइटचं नायट्रेट. हे काम जिवाणूंचं आहे हे सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवलं. दोन्ही टप्पे एकटी पेशी करू शकते, हे मात्र २०१५ मध्ये काही नायट्रोस्पायरांत आढळलं.

हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमोनियातल्या १ ग्रॅम नत्रामागे सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे ७.१ ग्रॅम क्षारता (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची ताकद) खर्च होते. त्यामुळे प्रक्रिया अडली की आधी या दोन गोष्टी तपासा. विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली असेल तर वेग घसरतो. क्षारता संपली की सामू (पीएच) ६.५ च्या खाली जातो आणि जिवाणू सुस्तावतात. १० अंशांखालच्या थंडीतही तेच होतं. नव्या टाकीत किंवा कृत्रिम तळ्यात आधी अमोनिया, मग नायट्राइट वर चढतो आणि घडी बसायला २५ अंशांच्या आसपास चार ते सहा आठवडे लागतात, कारण दुसऱ्या टप्प्याच्या जिवाणूंना खायला नायट्राइट तयार व्हावा लागतो. मधल्या काळात गाळणी क्लोरीनच्या पाण्याने धुतली, की पुन्हा पहिल्यापासून.

नायट्रेटचा नत्र वायू होऊन हवेत जाणं हे वेगळ्या जिवाणूंचं काम. त्यांना ऑक्सिजन नसलेली जागा आणि कुजणारा कार्बन दोन्ही हवं. अशा जागा गाळाच्या काही मिलिमीटर खाली आणि वाहत्या पाण्यात तळाच्या वाळू-गोट्यांच्या फटींत मिळतात. ओढा सरळ करून काँक्रीटने बांधून काढला की या फटी जातात आणि नायट्रेट तसंच खाली वाहत जातं.

तळाचा गाळ काळा आहे आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. तळं मेलं का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. गाळातले जिवाणू श्वसनासाठी जे सर्वांत फायद्याचं ते आधी वापरतात: ऑक्सिजन, मग नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट. हे सगळं संपल्यावर मिथेन बनवणाऱ्या आर्कियांची पाळी येते. सुपीक तळ्याच्या गाळात ऑक्सिजन काही मिलिमीटरच शिरतो. खाली सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनतो, तो लोहाशी जुळून काळा आयर्न सल्फाइड तयार होतो. गोड्या पाण्यात सल्फेट कमी असल्याने मिथेनचा वाटा समुद्रतळापेक्षा मोठा असतो. १७७६ साली आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून वर आलेले बुडबुडे गोळा केले आणि तो वायू पेटतो हे दाखवलं.

बघायचं ते काळा थर कुठून सुरू होतो. ५ ते ७ सेंटिमीटर व्यासाची पारदर्शक नळी गाळात सरळ दाबा, वरचं तोंड बुचाने बंद करा, उचला, पाण्याबाहेर येण्याआधी खालचं तोंड बंद करा. वर तपकिरी पट्टा, खाली काळा असं दिसलं तर वरच्या पट्ट्यात लोह अजून ऑक्सिजन खाल्लेल्या रूपात आहे; तळाशी ऑक्सिजन पोचतोय. काळा रंग थेट पाण्याला भिडला असेल तर पोचत नाही. निरीक्षण जागेवरच करा. हवा लागली की काळा गाळ पुन्हा तपकिरी पडायला लागतो.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आहे. तेल सांडलंय का?

काडीने ढोसून बघा. तवंगाचे कोनदार तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो लोहजिवाणूंमुळे आलेला थर. तेल असेल तर ते लगेच पुन्हा एकत्र होतं. लेप्टोथ्रिक्स, गॅलिओनेला यांच्यामुळे आसपास गंजाच्या रंगाचा कापसासारखा लगदाही दिसतो. भूजल झिरपतं तिथे हे नेहमीचं आहे, पण नळ आणि विंधनविहिरीच्या जाळ्या मात्र तो चांगलाच तुंबवतो.

हिरवा थर साधं शेवाळ आहे की विषारी नीलहरित?

दोन सोप्या चाचण्या आहेत, दोन्ही हातमोजे घालून करायच्या. काठीने थर उचला: लांब धागे काठीला लोंबले तर तंतुमय शेवाळ, काठीला रंगासारखा लेप बसला तर नीलहरित जिवाणूंचा संशय. दुसरी, पारदर्शक बरणी तीनचतुर्थांश भरून झाकण लावा आणि न हलवता रात्रभर थंड जागी ठेवा. सकाळी हिरवा रंग वर कड्यासारखा जमला तर नीलहरित असण्याची शक्यता मोठी, तळाशी बसला तर बहुधा साधं शैवाल. मायक्रोसिस्टिस, डॉलिकोस्पर्मम यांच्या पेशींत वायूने भरलेल्या बारीक नळ्या असतात, म्हणून ते तरंगतात. तळाशी वाढणाऱ्या जाती या चाचणीत सापडत नाहीत, आणि विष आहे की नाही हे दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच.

असं पाणी उकळून प्यायलं तर?

नाही. मायक्रोसिस्टिन उकळण्याने नष्ट होत नाही, उलट पाणी आटून ते घट्ट होतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोसिस्टिन-एलआरसाठीची दीर्घकालीन मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. थरावर मोरचूद मारणंही घातक: पेशी फुटतात आणि इतका वेळ पेशीत असलेलं विष एकदम पाण्यात उतरतं, मग साध्या गाळणीने ते निघत नाही.

सांडपाणी बंद केलं, तरी तळं दरवर्षी हिरवं का होतं?

फॉस्फरस गाळात साठलेला असतो म्हणून. कॅनडातल्या एक्सपेरिमेंटल लेक्स एरियात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने २२६ क्रमांकाचं सरोवर पडद्याने दुभागलं. एका बाजूला कार्बन आणि नत्र टाकलं, दुसऱ्या बाजूला त्यासोबत फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली. नत्र कमी पडलं तर काही नीलहरित जिवाणू ते हवेतून घेतात. फॉस्फरससाठी अशी सोय नाही.

गाळात हा फॉस्फरस बराचसा लोहाला चिकटून असतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालच्याशी मिसळत नाही, तळाचे जिवाणू ऑक्सिजन संपवतात, लोह विरघळतं आणि फॉस्फरस सुटतो. बाहेरचा पुरवठा तोडल्यावरही हा साठा ओसरायला अनेक तळ्यांत १० ते १५ वर्षं जातात. अधीर झालेले लोक याच काळात उपाय बदलत राहतात. आधी तळाजवळच्या पाण्यातला फॉस्फरस आणि ऑक्सिजन उन्हाळाभर दर पंधरवड्याला मोजा. ऑक्सिजन शून्यावर येताच फॉस्फरस उसळत असेल तर खर्च गाळावर करायचा हे नक्की होतं.

मासे पहाटेच का मरतात?

दिवसा शैवाल ऑक्सिजन सोडतं, रात्री मासे, शैवाल आणि जिवाणू सगळेच तो खातात. २० अंशांना पाण्यात जेमतेम ९.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६. हिरव्या तळ्यात दुपारी शैवालामुळे हा आकडा मावतो त्याहूनही जास्त, १२ च्या वर दिसतो आणि सूर्योदयाआधी २ च्या खाली असतो. त्यामुळे सकाळी अकराला घेतलेलं मोजमाप दिशाभूल करतं. मीटर पहाटे लावा, पृष्ठभागाजवळ आणि तळाजवळ दोन्हीकडे.

ढगाळ दिवसांची ओळ लागली किंवा शैवाल एकाच वेळी मेलं तर संकट ओढवतं, कारण मेलेलं शैवाल कुजवायला जिवाणूंना आणखी ऑक्सिजन लागतो. दुपारचा धोका वेगळा. शैवाल कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, सामू ९ वर जातो. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का विषारी रूपात असतो, सामू ८ ला सुमारे ५ टक्के, सामू ९ ला ३६ टक्के. अशा वेळी खाद्य थांबवा, रात्रभर हवा द्या आणि शेवाळ मारायचं औषध अजिबात टाकू नका.

जिवाणूंची पावडर टाकून तळं साफ होतं का?

उघड्या तळ्यात आमचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असं असतं. हिशेब करा. एक हेक्टर, दोन मीटर खोल तळ्यात २०,००० घनमीटर पाणी. मिलिलिटरला दहा लाख या हिशेबाने त्यात जेवढे जिवाणू आधीपासून आहेत, ते ग्रॅमला अब्ज पेशी असलेल्या एक किलो पावडरीच्या वीस हजारपट होतात, गाळ सोडूनच. वर टाकलेल्या पेशींना फ्लॅजेलेट काही दिवसांत फस्त करतात. लागणारे जिवाणू तिथे आधीच आहेत. त्यांना ऑक्सिजन मिळत नाही किंवा त्यांच्यापुढे खाद्याचा ढीग आहे, हा प्रश्न असतो. पावडरीसोबत हवेचा पंप बसवला आणि पाणी सुधारलं, तर श्रेय बहुधा पंपाचं.

बंद टाकीत मात्र बाहेरचे जिवाणू उपयोगी पडतात. पण तिथेही पाकिटापेक्षा चालू गाळणीतले मूठभर दगड किंवा स्पंज ओला असतानाच नव्या गाळणीत घालणं जास्त भरवशाचं.

तपासणीसाठी नमुना कसा घ्यायचा?

मैल्याच्या दूषिततेसाठी निर्जंतुक बाटली वापरा आणि ती आतून विसळू नका. प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून उभे राहा, बाटली २० ते ३० सेंटिमीटर खाली नेऊन तिचं तोंड प्रवाहाकडे करा, वर दोन-तीन सेंटिमीटर हवा ठेवा. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर जिवाणू वाटेतच मरतात. नमुना बर्फाच्या पेटीत ठेवा, गोठवू नका, सहा तासांत प्रयोगशाळेत द्या. २४ तासांपुढचा निकाल ग्राह्य धरू नका.

डीएनए तपासणीसाठी पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून ओढायचं. गाळणी तुंबेपर्यंत पाव ते एक लिटर जातं. नेमकं किती गेलं ते लिहून ठेवा. गाळणी लगेच उणे ८० अंशांत किंवा परिरक्षक द्रावणात ठेवा. तेवढ्याच काळजीने निर्जंतुक पाण्याचा एक कोरा नमुनाही गाळा. तो नसेल तर अहवालातला एखादा जिवाणू तळ्यातला की हातमोज्यावरचा, हे सांगता येत नाही.

डीएनए अहवालात ‘३० टक्के अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया’ लिहिलंय. म्हणजे काय?

वाचलेल्या तुकड्यांपैकी ३० टक्के. ही संख्या नव्हे, वाटा आहे. एखादा गट जागच्या जागी राहिला आणि बाकीचे घटले तरी त्याचा वाटा वाढतो. शिवाय १६एस जनुकाच्या (जिवाणू ओळखण्यासाठी वाचतात त्या जनुकाच्या) प्रती काही जिवाणूंत एकच, काहींत दहाहून अधिक असतात, मेलेल्या पेशींचा डीएनएही मोजला जातो आणि शैवालाच्या हरितलवकाचे तुकडे ‘सायनोबॅक्टेरिया’ म्हणून घुसतात. ते वगळलेत का, हे आधी विचारा. अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया जास्त दिसले म्हणून घाबरू नका, सरोवरांतला तो अगदी नेहमीचा गट आहे.

ई. कोलाय सापडला म्हणजे पाण्यात रोगजंतू आहेत का?

ताजा मैला मिसळतोय, एवढं नक्की. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये एकही नसावा. पण उलट बाजू खरी नाही: ई. कोलाय नाही म्हणून सगळं सुरक्षित असं होत नाही. पटकीचा (कॉलऱ्याचा) जिवाणू व्हिब्रिओ पाण्यातच राहतो आणि कोपेपॉड या बारीक जीवांना चिकटून असतो. म्हणूनच बांगलादेशातल्या ६५ खेड्यांत रिटा कोलवेल यांच्या गटाने जुन्या साडीच्या किमान चार पदरांतून पाणी गाळायला लावलं तेव्हा पटकी जवळपास निम्म्यावर आली. २००३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कापडातून जिवाणू आरपार जातो, कोपेपॉड अडकतो.

हे सगळे थर घरी किंवा वर्गात दाखवता येतात का?

विनोग्राड्स्की स्तंभ करा. दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या. तळ्यातला गाळ खडे-काटक्या काढून मळा, त्यातल्या एका वाट्यात मूठभर फाडलेला साधा कागद, एका उकडलेल्या अंड्याचा बलक आणि चमचाभर जिप्सम कालवा. हा गाळ तळाशी एकतृतीयांश, वर साधा गाळ दोनतृतीयांशापर्यंत, त्यावर तळ्याचं पाणी. वर तीन-चार सेंटिमीटर मोकळे. काडीने बुडबुडे काढा, तोंडावर सैल प्लॅस्टिक बांधा, थेट ऊन न लागेल अशा उजेडात ठेवा.

सहा ते आठ आठवड्यांत तळ काळा पडतो, त्यावर हिरवे आणि मग जांभळे गंधकजिवाणू, वर गंजाच्या छटा आणि पाण्यात नीलहरित थर दिसू लागतो. नुसताच काळा झाला तर बलक जास्त झाला किंवा उजेड कमी पडला. काहीच रंग आले नाहीत तर बहुधा गाळ वाळलेला होता. बाटली उघडायची ती मोकळ्या हवेत. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे.